जुन्या मोटारींच्या प्रतिकृती: पारख, दुरुस्ती आणि जतन

जुन्या प्रतिकृती-मोटारीचे काम हाती घेणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: कारखान्यात चढलेला रंगाचा थर एकदा उतरवला की तो कोणालाही परत आणता येत नाही, मात्र आज न केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षीही करता येते. म्हणून हत्यारांना हात लावण्याआधी हातातली वस्तू कोणत्या काळची, कशाची बनलेली आणि कितपत मूळ स्वरूपातली आहे, हे समजून घेण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. टवके उडालेली, चाके वाकडी झालेली गाडी पाहून ती लगेच चकचकीत करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण अशा घाईने झालेले नुकसान मुलांच्या खेळण्याने झालेल्या नुकसानापेक्षा पुष्कळदा अधिक असते.

प्रमाण आणि काळ ओळखणे

१:४३ हे प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप ४३ ने भागायचे, ४.३ मीटर लांबीची गाडी या हिशेबाने १० सेंटिमीटरची होते. हा आडनिडा आकडा खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला आहे. ब्रिटनमधल्या ओ गेज (रुळांमधल्या अंतराचे एक ठरलेले माप) आगगाड्यांमध्ये खऱ्या एका फुटासाठी ७ मिलिमीटर धरत असत आणि त्याचे गुणोत्तर सुमारे १:४३.५ येते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने, आपल्या आगगाड्यांच्या जोडीला ठेवता याव्यात म्हणून १९३३ च्या अखेरीस छोट्या मोटारी बाजारात आणल्या आणि १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. पुढे इतर कंपन्यांनीही याच मापाच्या आसपास गाड्या काढल्या, तरी सगळ्यांनी ते काटेकोरपणे पाळले असे समजू नये. स्पॉट-ऑन या मालिकेने १:४२ हे एकच प्रमाण सर्व वाहनांना लावले, तर लेस्ने कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्यांमध्ये वाहन खोक्यात बसले पाहिजे हीच अट असल्यामुळे दुमजली बस आणि लहान मोटार जवळजवळ एकाच लांबीच्या दिसतात. प्लास्टिकच्या जुळणी-संचांत अमेरिकन कंपन्यांनी मुख्यतः १:२५ आणि १:२४ ही प्रमाणे वापरली, आणि ब्रिटनच्या एअरफिक्सने मोटारींसाठी १:३२ हे प्रमाण वापरले.

काळ ठरवण्यासाठी गाडी उलटी करावी. तळपत्र्यावर कंपनीचे नाव, देश आणि बऱ्याचदा क्रमांक उठावात असतो. त्यानंतर खिडक्या पाहाव्यात. मेटॉय कंपनीने १९५६ मध्ये कॉर्गी टॉइज आणली तेव्हा पारदर्शक खिडक्या हेच तिच्या जाहिरातीचे मुख्य सूत्र होते, आणि त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांनाही खिडक्या बसवाव्या लागल्या. त्यामुळे खिडक्या नसलेली मोटार साधारणपणे त्याआधीच्या किंवा त्याच सुमाराच्या साच्याची असते. चाकांवरून तर आणखी बारीक अंदाज बांधता येतो. मॅचबॉक्सच्या १९५३ मध्ये सुरू झालेल्या लहान मालिकेत आधी धातूची, मग राखाडी प्लास्टिकची आणि त्यानंतर काळ्या प्लास्टिकची चाके आली. १९६८ मध्ये मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स आणली. बारीक आसावर सुसाट पळणाऱ्या त्या गाड्यांना उत्तर म्हणून लेस्नेने १९६९ पासून सुपरफास्ट चाके बसवायला घेतली. त्यामुळे एकाच साच्यातली गाडी दोन वेगवेगळ्या चाकांवर सापडते, आणि ज्याने जुन्या बॉडीला नवी किंवा नव्या बॉडीला जुनी चाके जोडली असतील त्याची चोरी येथे पकडता येते.

पदार्थ ओळखायला एक लहान लोहचुंबक पुरतो. पत्र्याची गाडी चुंबकाला चिकटते, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली चिकटत नाही. मात्र ओतीव गाडीचा तळपत्रा आणि आस पोलादी असू शकतात, म्हणून चुंबक छतावर लावून पाहावा.

जस्ताचा रोग

ओतीव गाड्यांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू जस्त, ॲल्युमिनियम, थोडे तांबे आणि अल्प मॅग्नेशियम यांचा बनतो. जस्त अतिशय शुद्ध असेल तर ही ओतीव वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकते. परंतु त्यात शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला, तर धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरू लागतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि संपूर्ण वस्तू आतून फुगते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांमध्ये हा दोष फार आढळतो. आधी रंगावर केसासारख्या रेघा दिसतात, मग कडा वाकतात, बॉडी मूळ मापापेक्षा लांब होते, तळपत्रा कमानीसारखा उचलला जातो आणि शेवटी सुकलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या भेगा पडून तुकडे हातात येतात.

याला औषध नाही. दोष धातूतच असल्यामुळे शेजारच्या गाडीला तो लागत नाही, पण ज्या गाडीत आहे ती वाचवताही येत नाही. दमट आणि उष्ण हवा टाळून ऱ्हासाचा वेग फक्त कमी करता येतो. अशा गाडीचा रंग उतरवू नये, तिच्यावर ड्रिल चालवू नये आणि चाकांवर भार पडणार नाही असा आधार पोटाखाली द्यावा. तिची छायाचित्रे आणि मापे मात्र आवर्जून घेऊन ठेवावीत, कारण पुढे कोणाला त्याच गाडीचा एखादा हरवलेला भाग घडवायचा असेल तर तीच नोंद कामी येईल. विकत घेताना भिंगाखाली छताच्या कडा, मडगार्ड आणि चाकांजवळच्या जागा पाहाव्यात. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नये, असे माझे मत आहे. केवळ अभ्यासासाठी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

रंगवावी की नाही

संग्राहकांमध्ये प्रचलित असलेली तीन कोडांची पद्धत येथे उपयोगी पडते. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच असलेली गाडी कोड १, मूळ उत्पादकाच्या संमतीने दुसऱ्याने बदललेली गाडी कोड २, आणि कोणाच्याही संमतीविना खाजगीरीत्या बदललेली किंवा पुन्हा रंगवलेली गाडी कोड ३. घरी केलेले अत्यंत सुबक काम हेही कोड ३ मध्येच मोडते. त्यात कमीपणा काही नाही, पण कोड १ मधून कोड ३ मध्ये जाणारा रस्ता एकेरी आहे, हे विसरू नये.

मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, किंवा गाडी दुर्मीळ रंगछटेची असेल, तर फक्त स्वच्छता करून थांबावे. ज्या गाडीवर आधीच कोणी घरगुती रंगाचा जाड थर चढवला आहे, जिचे छताचे खांब तुटले आहेत, चाके हरवली आहेत, आणि जिच्यासारख्या पुष्कळ गाड्या सहज मिळतात, ती पुनरुज्जीवनासाठी योग्य. हात बसेपर्यंत अशाच गाड्यांवर काम करावे.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कुंचला पुरेसा असतो. गाडी पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण पाणी आसांपर्यंत आणि तळपत्र्याच्या आत जाऊन गंज धरतो. ओलसर कुंचला फिरवून कापसाच्या काडीने मळ टिपून घ्यावा. कागदी लेबले आणि पाण्याने उतरवायची चित्रे यांना ओलावा लागू देऊ नये. हेडलाइट आणि बंपरवरचा चंदेरी रंग फार पातळ असतो आणि जोरात चोळल्यास निघून येतो. धातूचे पॉलिश मूळ रंगावर अजिबात वापरू नये, ते रंगाचा वरचा थर खरवडते.

सांधा उघडणे

ओतीव गाडीच्या बॉडीतून आतल्या बाजूस एक-दोन खुंट्या आलेल्या असतात. तळपत्रा त्यांवर बसवून कारखान्यात खुंटीचे टोक दाबून पसरवतात, आणि त्याचा रिव्हेट होतो. गाडी उघडायची म्हणजे हे पसरलेले टोक काढायचे, पण खुंटी वाचवायची. सगळ्या दुरुस्तीत कौशल्याची खरी जागा ही आहे, म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

प्रथम चारही बाजूंनी आणि खालून छायाचित्रे घ्यावीत. गाडी जाड मऊ कापडावर उलटी ठेवावी. पंचावर हातोडी मारून मध्यबिंदू करण्याचा मोह टाळावा, कारण जुना ओतीव धातू ठिसूळ असू शकतो. टोकदार सळईने हातानेच दाबून मध्यभागी खड्डा करावा. त्यानंतर बोटांनी फिरवायच्या हातड्रिलमध्ये दीड मिलिमीटरचे पाते लावून तीन-चार मिलिमीटर खोल सरळ भोक पाडावे. हे भोक तिरके गेले तर पुढचे सगळे तिरके जाते, म्हणून प्रत्येक दोन-चार फेऱ्यांनंतर पाते बाहेर काढून ते उभे आहे ना हे दोन बाजूंनी पाहावे. आता खुंटीच्या जाडीपेक्षा किंचित मोठे पाते घ्यावे आणि अगदी कमी वेगाने फक्त पसरलेली कड कापावी. चंदेरी कीस निघत राहतो, आणि एका क्षणी कड एका बारीक कड्याच्या रूपात सुटून पात्याबरोबर फिरू लागते. तेथेच थांबावे. आणखी खोल गेल्यास खुंटी आखूड होते आणि पुन्हा जोडायला काही उरत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हा कीस सुईसारखा असतो.

तळपत्रा सहज उचलला गेला नाही तर उचकटू नये. बहुधा कडेचा एखादा धागा राहिलेला असतो. काढलेले सुटे भाग लगेच खणांच्या डबीत ठेवावेत आणि आसांची पुढची-मागची ओळख लिहून ठेवावी, कारण दोन्ही आस दिसायला सारखे असले तरी लांबीत थोडा फरक असू शकतो.

परत जोडण्यासाठी खुंटीत आटे पाडावेत. एम-२ मापाच्या स्क्रूसाठी १.६ मिलिमीटरचे भोक लागते. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, तेलाचा थेंब लावून अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशा गतीने आटे पाडावेत. जोर लागला की थांबून कीस साफ करावा, कारण टॅप आत मोडला तर तो काढणे जवळजवळ अशक्य असते. स्क्रूचे डोके गोल घुमटाकार निवडले तर ते रिव्हेटच्या जवळपास दिसते. काही जण एपॉक्सीने चिकटवून वर नकली रिव्हेट बसवतात. मला स्क्रूच योग्य वाटतो: पुढच्या माणसाला गाडी न दुखावता उघडता येते, आणि ती उघडली गेली आहे हे प्रामाणिकपणे दिसतेही.

रंग उतरवणे

काचा, आसने, टायर असे सगळे अधातू भाग वेगळे केल्याची खात्री केल्यावरच या कामाला लागावे. कॉस्टिक सोडा वापरण्याची शिफारस अनेक ठिकाणी केली जाते, पण जस्त आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही तीव्र अल्कलीत विरघळणारे धातू आहेत. रंगाबरोबर पृष्ठभागही काळवंडतो, उठावाची अक्षरे बोथट होतात आणि ज्वलनशील हायड्रोजन निघतो. त्यापेक्षा जेलसारखे रंग काढण्याचे तयार द्रावण बरे. त्यातही डायक्लोरोमिथेन असलेली द्रावणे टाळावीत. याची वाफ श्वासावाटे शरीरात गेल्यावर तिचे कार्बन मोनॉक्साइड बनते, बंदिस्त खोलीत ती प्राणघातक ठरू शकते, आणि युरोपीय संघात व अमेरिकेत घरगुती वापरासाठी रंग काढायला त्याची विक्री बंद झाली आहे. त्याऐवजी आलेली द्रावणे सावकाश काम करतात, एवढेच.

जुन्या रंगांमध्ये शिसे असण्याची शक्यता गृहीत धरूनच काम करावे. कोरडा रंग कधीही घासू नये. पाण्यात भिजवून मऊ नायलॉन किंवा पितळी ब्रशने काढावा, हातमोजे घालावेत, निघालेला गाळ कागदावर गोळा करून वेगळा ठेवावा आणि त्या टेबलावर खाणेपिणे करू नये. लहान मुले वावरतात त्या खोलीत हे काम करूच नये.

रंग उतरल्यावर साच्याच्या रेघा, बारीक खड्डे, थोडी असमान पृष्ठे उघडी पडतात. ती सगळी लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करावीत असे वाटते, पण मूळ गाडी तशीच होती. पॉलिशपेपर फिरवताना दरवाजाच्या रेघा आणि बॉनेटवरच्या धारा पुसल्या जाणार नाहीत इतकाच हात चालवावा. तुटलेल्या खांबासाठी दोन्ही टोकांत अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी तारेची खुंटी घालावी आणि एपॉक्सीने सांधावे. नुसत्या गोंदाचा सांधा तेथे टिकत नाही. डाग देऊन जोडण्याचा प्रयत्न करू नये, कारण या मिश्रधातूचा वितळबिंदू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि बारीक खांब पाहता पाहता बसून जातो.

नवा रंग

जस्तावर साधा रंग धरत नाही, त्यासाठी धातूला किंचित खाऊन घट्ट बसणारा एचिंग प्रायमर लागतो. धुऊन सुकवलेल्या बॉडीला बोटे लावू नयेत. आतल्या बाजूने काडी अडकवून ती धरावी. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवला तर फवारा एकसारखा येतो, मात्र पाणी कढत असू नये आणि डबा विस्तवाजवळ कधीही नेऊ नये. वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ हात द्यावेत. पहिला हात धुक्यासारखा विरळ असला तरी चालतो. जाड हात दिला की उठावाची अक्षरे बुडतात आणि खालच्या कडांना ओघळ जमतात.

रंगाची छटा ठरवताना बाहेरचा रंग पाहू नये, तो उन्हाने विटलेला असतो. तळपत्रा काढल्यावर छताच्या आत, खुंटीच्या मुळाशी आणि तळपत्र्याने झाकलेल्या कडेवर मूळ छटा जशीच्या तशी सापडते. म्हणूनच रंग उतरवण्याआधी तेथील छायाचित्र घेऊन, त्या छटेशी जुळणारा नमुना पांढऱ्या पत्र्यावर रंगवून ठेवावा. जुन्या गाड्यांवर भट्टीत पक्का केलेला एकाच थराचा इनॅमल रंग असे. त्याची चकाकी मऊ असते. आजकालच्या मोटारींवरचा पारदर्शक लॅकर त्यावर चढवला तर गाडी सुबक दिसते पण जुनी वाटत नाही.

एक रासायनिक नियम मोडू नये: सुकलेल्या लॅकरवर इनॅमल चालतो, पण इनॅमलवर लॅकर मारला तर त्यातले तीव्र द्रावक खालचा थर सुरकुतवते. दोन इनॅमल हातांमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ पाळावी, आणि शेवटच्या हातानंतर किमान आठवडाभर गाडी धुळीपासून झाकून ठेवून मगच जुळणीला घ्यावी.

काचांवरचे ओरखडे १५०० नंबरपासून वाढत ४००० नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासून, नंतर प्लास्टिक पॉलिशने घालवता येतात. काच चिकटवताना सुपरग्लू वापरू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा धूर बसतो. पांढरा पीव्हीए गोंद सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकल्यास पाण्याने निघतो.

प्लास्टिकचे संच

अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एएमटी कंपनीने मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या जुळवलेल्या जाहिरात-प्रतिकृती बनवल्या, आणि १९५८ पासून त्याच साच्यांच्या आधारे तीन प्रकारे जुळवता येणारे संच काढले. जाहिरात-प्रतिकृतींचे सुरुवातीचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट असल्यामुळे त्या काळानुसार आकसतात आणि वाकतात. उष्णता देऊन त्या सरळ होत नाहीत, उलट बिघडतात. पॉलिस्टायरीन वापरात आल्यानंतरच्या प्रतिकृती सरळ राहतात.

पूर्वी कोणी मुलाने भरपूर गोंद ओतून जुळवलेली गाडी सोडवायची असेल तर ती पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवावी. जुना गोंद थंडीने ठिसूळ होतो आणि पातळ पाते सांध्यात घालून हलकेच फिरवले की पुष्कळदा स्वच्छ सुटतो. रंग उतरवायला ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुतेक ॲक्रिलिक रंगांना आणि अनेक इनॅमल रंगांना पुरते. ब्रेक फ्लुइडची जुनी रीत परिणामकारक असली तरी काही प्लास्टिके त्याने ठिसूळ होतात, म्हणून आधी आतल्या, न दिसणाऱ्या भागावर चाचणी घ्यावी. क्रोमचा मुलामा घरगुती ब्लीचमध्ये काही मिनिटांत विरघळतो. खालचा वार्निशचा थर वेगळा काढावा लागतो. ब्लीच इतर कोणत्याही रसायनात मिसळू नये.

खिडक्यांभोवतीच्या क्रोमपट्ट्यांसाठी अतिपातळ चिकट धातुपत्रा वापरावा. पट्टी रुंद कापून जागेवर ठेवावी, टूथपिकच्या बोथट टोकाने दोन्ही धारांवर दाबून बसवावी, आणि अगदी नव्या पात्याने धारेला लागून, दाब न देता, वजनानेच ओढल्यासारखे कापावे. पाते जुने असेल तर पत्रा फाटतो आणि खाली रंगावर चर पडते.

संचातले विनाइल टायर हा प्लास्टिकचा मोठा शत्रू आहे. विनाइल मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असेल ते वितळवते. चाकाची रिम, कधी काचेचा भाग, टायरच्या आकारात खाल्लेला सापडतो. न उघडलेल्या संचात हे आत चालू असू शकते, आणि उघडला तर बंद खोक्याचे मूल्य जाते. संच जुळवायचा असेल तर निःशंक उघडावा आणि टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत. केवळ ठेवायचा असेल तर हा धोका धरूनच किंमत द्यावी.

जुळणीपूर्वी भागांच्या चौकटी साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, साच्यातले तेल राहिले तर रंग सुटतो. भाग चौकटीतून मुरगळून काढू नये, कटरने थोडे दूर कापून उरलेला ठिपका पात्याने घासावा. प्रत्येक सांधा गोंदाविना जुळवून पाहावा. पातळ द्रव सिमेंट कुंचल्याने सांध्याच्या टोकाला लावले की ते आपोआप आत ओढले जाते आणि दोन्ही पृष्ठभाग वितळून एकजीव होतात, म्हणून दाब द्यायला घाई करू नये. जुनी पिवळी पडलेली, पाण्याने उतरवायची चित्रे खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवल्यास बरीच पांढरी होतात. वापरण्याआधी त्यांची स्कॅन प्रत काढावी आणि वर पारदर्शक थर द्यावा, नाहीतर पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होतात.

पांढऱ्या धातूच्या, म्हणजे कथलाच्या मऊ मिश्रधातूच्या, १:४३ संचांमध्ये बऱ्याचदा शिसे असते, काम झाल्यावर हात धुवावेत. रेझिनचे (ओतीव कृत्रिम राळेचे) भाग मुखपट्टीशिवाय घासू नयेत. बाकी पद्धत तीच.

संग्रहासाठी घेताना

संग्रहाला विषय असावा, मग तो एक कंपनी असो, एक दशक असो वा एकाच प्रकारची वाहने. विषय ठरला की डोळा तयार होतो, आणि तयार डोळाच बनावट ओळखतो. दुर्मीळ रंगाच्या गाड्यांची नक्कल करणे सोपे असते, कारण साचा तोच आणि फक्त रंग वेगळा. म्हणून रिव्हेट पाहावा: खुंटीच्या टोकावर ताज्या कापाची चमक, तळपत्र्यावर ओरखड्यांचे वर्तुळ किंवा रिव्हेटच्या जागी गोंद दिसला तर गाडी उघडली गेली आहे. खिडक्यांच्या आतल्या कडांवर दुसरी छटा, आसावर रंगाचे तुषार, किंवा सर्व बाजूंनी सारखीच ताजी चकाकी हेही संशयाचे कारण असते. खोक्याला अतिनील दिव्याखाली धरावे. आधुनिक कागदातली उजळवणारी द्रव्ये निळसर पांढरी झळकतात, युद्धापूर्वीचा कागद तसा झळकत नाही.

सुटे भाग पूर्ण आहेत का, हे यादी घेऊन तपासावे. कॉर्गीची १९६५ ची, जेम्स बाँडच्या चित्रपटातली सोनेरी ॲस्टन मार्टिन डीबी५, क्रमांक २६१, हे याचे चांगले उदाहरण आहे. छत उघडून उडणारा माणूस, मागची गोळीरोधक ढाल, पुढच्या बंदुका हे सगळे चालू असणे जितके महत्त्वाचे, तितकाच खोक्यातला गुप्त सूचनांचा लहानसा लिफाफा आणि जादा माणूस असणे महत्त्वाचे. १९६८ ची चंदेरी, थोडी मोठी, क्रमांक २७० ही वेगळी गाडी आहे. तिचे भाग पहिलीला लावलेले आढळतात.

नोंदवही ठेवणे मला अपरिहार्य वाटते. प्रत्येक गाडीचा क्रमांक, ती कोठून व कितीला आली, आल्यावेळची स्थिती, केलेले काम आणि वापरलेला रंग लिहावा. काढलेले मूळ टायर व आस छोट्या पिशवीत क्रमांकासह जपावेत. पुन्हा रंगवलेल्या गाडीच्या तळपत्र्याच्या आतल्या बाजूस काम केल्याचे वर्ष लिहून ठेवावे. विकताना ते सांगावेच, पण सांगणारा नसेल तेव्हाही गाडीने ते सांगावे.

ठेवण्याची जागा

थेट ऊन आणि दमट हवा टाळावी. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्यतो स्थिर असावी. ओक लाकूड ॲसिटिक आम्लाची वाफ सोडते आणि बंद कपाटात त्याने शिसेयुक्त पांढऱ्या धातूवर भुकटी चढते, म्हणून काच आणि रंगवलेल्या पोलादाची कपाटे चांगली. मऊ पीव्हीसीची पाकिटे रंगाला चिकटतात, ती वापरू नयेत. प्लास्टिकच्या फळीवर गाडी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिली तर टायरचे डाग किंवा खळगे पडतात. तळाखाली छोटा आधार देऊन चाके किंचित उचलून ठेवावीत.

खोकी आम्लरहित कागदात गुंडाळावीत, त्यांना रबरबँड किंवा चिकटपट्टी लावू नये. गाडी खोक्यात घालताना झाकणाची जीभ पूर्ण उघडून, खोके दोन्ही बाजूंनी हलके दाबून त्याचे तोंड थोडे फुगवावे आणि गाडी आरसा किंवा बंपर न घासता सरकवावी. बाहेर काढताना जीभ धरून ओढू नये, खोके तिरके करून गाडी तळहातावर घ्यावी, कारण जुन्या खोक्यांची जीभ घडीच्या रेषेवरच सर्वांत आधी फाटते.